‘एक पाइप द्या’ म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला काय विचारायचं?

पाइप-फिटिंगच्या दुकानात नवीन लागलेल्या माणसाला पहिल्या आठवड्यात एकच वाक्य छळतं : "एक पाइप द्या." बोलणारा घाईत असतो, गाडी बाहेर चालूच ठेवून आलेला असतो, आणि त्याच्या डोक्यात पाइप अगदी स्पष्ट असतो. तुमच्या पाठीमागच्या रॅकवर मात्र तीस-चाळीस तऱ्हेचे पाइप उभे असतात.

सोलापुरात या धंद्यात मी बावीस वर्षं काढली. त्यातली पहिली दोन माल परत घेण्यातच गेली. दुकानात नव्या पोराच्या हातात आधी झाडू देतात, मग बिलबुक. शब्द कुणी शिकवत नाही. आणि आमच्या धंद्यात निम्म्या चुका हाताच्या नसतात, शब्दाच्या असतात. म्हणून काउंटरवर नव्यानं उभं राहणाऱ्यांसाठी हे लिहितोय. स्वतःचं घर बांधायला काढलेल्यालाही यातलं बरंच उपयोगी पडेल.

पहिली पायरी : तोंडातला शब्द नीट ऐका

गिऱ्हाईक काय मागतंय यापेक्षा कोणत्या शब्दानं मागतंय ते आधी ऐकायचं. मंद्रूपकडचा शेतकरी "ठिबकची नळी" म्हणाला, तर त्याला १६ मि.मी.ची काळी लॅटरल हवी आहे. "लपेटा" म्हणाला, तर रिकामा असताना चपटा होणारा, गुंडाळून खांद्यावर टाकता येणारा पाइप हवाय. बाई "गॅसची नळी" म्हणतात ती रबराची. "वॉशिंग मशिनची नळी" वेगळी. इलेक्ट्रिशियनला "वायरिंगचा पाइप" हवा असतो आणि त्यातून पाणी कधीच जाणार नसतं. पूर्व भागातली म्हातारी "गोट्टम" म्हणेल, तो तेलुगू शब्द. अक्कलकोटकडचा कन्नड बोलणारा माणूस "कोळवे" म्हणेल. बोअरला कन्नडमध्ये "कोळवे बावी" म्हणतात, म्हणजे नळीची विहीर. आपल्याकडच्या सरकारी कागदावर तीच "कूपनलिका" होते.

आपल्या गावात ढोबळ नियम असा आहे : वाकते ती नळी, वाकत नाही तो पाइप, आणि ज्याला तोटी असते तो नळ. नियम पक्का नाही. बागेला पाणी घालायचा पाइप वाकतोच की. आणि "कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच" या म्हणीतली नळी मात्र ताठ आहे, ती वाकणारी असती तर म्हणच जमली नसती. पण काउंटरवर दहातल्या आठ वेळा हा नियम चालतो.

नळाची गंमत वेगळीच. मुळात नळ म्हणजे पोकळ बोरू, पाणथळ जागी उगवणारा. दमयंतीचा नळही त्याच नावाचा. त्या पोकळ काडीवरून नळी, नलिका, नळकांडं. नळकांड्यातलं कांडं म्हणजे दोन पेरांमधला तुकडा, उसाचं असतं तसं. मागावर बसणारे धोट्यात जी कांडी घालतात तिचंही घराणं हेच. सोलापुरात तर नळ पाणी आणणारा राहिलाच नाही, तो स्वतःच येतो. "नळ आला का?" असं शेजारी विचारतो तेव्हा नळ जागेवरच असतो, पाणी आलेलं असतं. उजनी धरणातून शंभरावर किलोमीटर पाइपातून येणारं पाणी आणि तेही रोज नाही, काही दिवसांआड. मग माणसाला पाणी आणि नळ यातला फरक कशाला उरेल?

ऐकून झालं की एकच प्रश्न विचारायचा : "आतून काय जाणार?" गार पाणी, गरम पाणी, सांडपाणी, वायर, गॅस, हवा, औषधाचा फवारा. या एका प्रश्नावर निम्मा रॅक बाद होतो. "कुठल्या कंपनीचा देऊ?" हा प्रश्न सगळ्यात शेवटी. नवी पोरं तो सगळ्यात आधी विचारतात.

दुसरी पायरी : हा शब्द आला कुठून ते एकदा समजून घ्या

याचा धंद्याशी काय संबंध, असं आमचे मालक म्हणायचे. पण मुळं कळली की नावं डोक्यात राहतात, असा माझा अनुभव आहे. नाही पटलं तर सरळ तिसऱ्या पायरीवर जा.

पाइप हा शब्द पाण्यातून आलेला नाही. तो आवाजातून आला. लॅटिनमध्ये ‘पिपारे’ म्हणजे पिलानं चिवचिवणं, पीं पीं करणं. त्यावरून बोलीतल्या लॅटिनमध्ये ‘पिपा’ म्हणजे फुंकून वाजवायची नळी. जर्मनिक भाषांनी तो शब्द फार पूर्वीच उचलला. जुन्या इंग्रजीत तो ‘पीपे’ झाला आणि जर्मनमध्ये ‘प्फाइफं’. आधी वाजवायची नळी, मग कुठलीही पोकळ नळी, मग पाणी नेणारी. तंबाखू अमेरिकेतून युरोपात पोचल्यावर सोळाव्या शतकाच्या अखेरीस धूर ओढायच्या नळीलाही इंग्रजीत हेच नाव पडलं. आपण तिथे चिलीम म्हणतो. त्याच चिवचिवणाऱ्या पिलाला लॅटिनमध्ये ‘पिपिओ’ म्हणत. तो शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत गेला आणि ‘पिजन’ झाला. म्हणजे तुमच्या गच्चीतला पाइप आणि त्यावर बसून घाण करणारं कबूतर ही सख्खी भावंडं आहेत.

जत्रेतली पिपाणी आठवा. गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर पोरं कान किटेपर्यंत फुंकतात ती. तिचं नावही तिच्या आवाजावरूनच पडलं असणार, लॅटिनला न विचारता. आणि गाजराची पुंगी : वाजली तर वाजली, नाही तर मोडून खाल्ली. पोकळ काही हातात आलं की माणूस आधी फुंकून बघतो. पाणी भरायचं त्याला नंतर सुचतं.

पण मला सगळ्यात आवडतं ते पुढचं. वाईन भरायच्या मोठ्या लाकडी पिपालाही युरोपात हाच शब्द वापरत. पोर्तुगीजमध्ये तो ‘पिपा’. पोर्तुगीज आपल्या किनाऱ्याला लागले, त्यांच्याबरोबर बटाटा आला, पाव आला, आणि हा शब्दही आला. मराठीत त्याचं झालं पीप आणि पिंप. न्हाणीघराच्या कोपऱ्यात झाकण घालून ठेवलेलं निळं पिंप, ज्यात पाच दिवसांचं पाणी साठवलेलं असतं, तेच. एक शब्द पोर्तुगीजांनी आणला, दुसरा इंग्रजांनी. सोलापूरच्या घरात पाइपातून आलेलं पाणी पिंपात पडतं तेव्हा दोघे चुलतभाऊ पुन्हा भेटतात. हे मला कळलं त्या दिवशी मी दुकानात सगळ्यांना सांगत सुटलो. मालक म्हणाले, "काय बे, गिऱ्हाईक उभं आहे."

तिसरी पायरी : माप आतून की बाहेरून?

इथे घाई करू नका. पैसे बुडतात ते याच पायरीवर.

दुकानात लागल्यावर पहिल्याच आठवड्यात एकानं "एक इंची जीआय पाइप" मागितला. जीआय म्हणजे जस्ताचा थर दिलेला लोखंडी. मी पट्टी घेतली, बाहेरून माप धरलं, साडेतेहतीस मि.मी.च्या पुढे भरलं. इंच म्हणजे २५.४. मी त्याला छातीठोकपणे सांगितलं, "मामा, हा एक इंची नाही, सव्वा इंचीच्या वर आहे." मग खाली वाकून वाकून पाऊण इंची काढला, तो बाहेरून इंचाच्या जरा पुढे भरला. तोच दिला. मामा प्लंबर होते. त्यांनी पाइप हातात घेतला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "पोरा, पट्टी आत ठेव आणि मालकाला बोलव."

तर गोष्ट अशी : लोखंडी पाइपाला जे नाव असतं, अर्धा, पाऊण, एक, सव्वा, दीड, ते जुन्या काळच्या आतल्या पोकळीचं नाव आहे. तेव्हा पाइपाची भिंत जाड असायची. पुढे लोखंड सुधारलं, भिंत पातळ झाली. बाहेरचं माप बदललं असतं तर आधीचे आटे आणि फिटिंग भंगारात गेली असती. म्हणून बाहेरचं माप तसंच ठेवलं आणि आतली पोकळी वाढू दिली. आज अर्ध्या इंची जीआय पाइपाचं बाहेरचं माप सुमारे २१.३ मि.मी. आणि आतलं, मध्यम जाडीच्या पाइपात, १६ च्या आसपास. अर्धा इंच म्हणजे १२.७. म्हणजे अर्धा इंच ना आत आहे ना बाहेर. ते फक्त नाव उरलंय, बोळात दोनच घरं राहिली तरी पेठेचं नाव पेठच राहतं तसं.

आता शेतीचा करडा पीव्हीसी, म्हणजे प्लास्टिकचा, पाइप घ्या. तिथे उलटं : माप मि.मी.मध्ये आणि बाहेरून. ६३, ७५, ९०, ११०. पण शेतकरी इंचातच बोलतो. म्हणून हे पाठच करून टाका : ६३ म्हणजे दोन इंची, ७५ म्हणजे अडीच, ९० म्हणजे तीन, ११० म्हणजे चार. "दोन इंची द्या" म्हटल्यावर ५० मि.मी.चा काढून दिलात तर माणूस संध्याकाळी परत येतो, आणि डाळिंबाला पाणी द्यायचं राहिलेलं असतं म्हणून चिडून येतो.

घरातल्या प्लंबिंगमध्ये तिसराच घोळ. प्लास्टिकचेच दोन प्रकार : गरम पाण्याचा सीपीव्हीसी, तो फिकट पिवळसर, आणि गार पाण्याचा पांढरा यूपीव्हीसी. दोघांची नावं इंचातच. पण सीपीव्हीसीनं माप घेतलं तांब्याच्या ट्यूबचं आणि यूपीव्हीसीनं लोखंडी पाइपाचं. म्हणून अर्धा इंची यूपीव्हीसी बाहेरून २१.३ मि.मी. आणि अर्धा इंची सीपीव्हीसी फक्त १५.९. खरा सापळा याच्यापुढे आहे : पाऊण इंची सीपीव्हीसी बाहेरून २२.२ मि.मी. म्हणजे एकाचा पाऊण आणि दुसऱ्याचा अर्धा यांच्यात जेमतेम एक मि.मी.चा फरक. डोळ्याला तो दिसत नाही, हातालाही लागत नाही.

मी एकदा अर्ध्या यूपीव्हीसीच्या पाइपावर पाऊण सीपीव्हीसीचे एल्बो, म्हणजे वळणावरचे जोड, दिले. पाइप आत बसला, जरा सैल, पण सोल्युशन, म्हणजे जोड चिकटवायचा द्राव, लावल्यावर धरला. गिऱ्हाइकानं फरशी बसवून घेतली. टाकी भरली आणि रात्री भिंतीतून पाणी. त्या घरातल्या चार फरशा फोडण्याची मजुरी माझ्या पगारातून गेली, आणि गेली ते बरोबरच झालं. तेव्हा माझी ट्यूब पेटली. तेव्हापासून एल्बो देताना गिऱ्हाइकाला त्याच्या पाइपाचा बोटभर तुकडा आणायला सांगतो. नसेल तर पाइपावर छापलेली ओळ मोबाइलवर फोटो काढून आण म्हणतो. सोल्युशनचा डबाही दोघांना वेगवेगळा लागतो, तो विसरू नका.

पाइप आणि ट्यूब यांतला फरकही इथेच येतो. पाइपाला विचारतात, आतून किती जाईल. ट्यूबला विचारतात, बाहेरून किती आहेस. म्हणून गेट, खुर्ची, सायकलची फ्रेम करणारा फॅब्रिकेटर ट्यूब मागतो आणि बाहेरचं खरं माप व भिंतीची जाडी सांगतो. बोलताना तोही "चौकोनी पाइप" म्हणेल, त्याला दुरुस्त करत बसू नका. ट्यूब हा शब्द लॅटिन ‘ट्युबुस’वरून आलेला. त्याच्या घरातली ‘ट्युबा’ म्हणजे रोमन सैन्यातली सरळ तुतारी. इथेही पुन्हा वाजवायचंच.

जुने मिस्त्री सुतात बोलतात. आठ सूत म्हणजे एक इंच. चार सुताचा म्हणजे अर्धा, सहा सुताचा म्हणजे पाऊण. गिरणगाव असल्यानं नव्या पोराला वाटतं, हा धागा मागतोय.

चौथी पायरी : दाब, रंग, ऊन

जीआय पाइपावरचा पट्टा बघा. पिवळा म्हणजे हलका, निळा मध्यम, लाल जड. घरच्या कामाला निळा पुरतो.

पीव्हीसीवर किलो छापलेले असतात : ४, ६, १०. ते वजन नाही. एका चौरस सेंटिमीटरवर इतके किलो दाब तो सोसतो, असा त्याचा अर्थ. हिशोब सोपा : एक किलो म्हणजे पाण्याची दहा मीटर उंची, अंदाजे तेहतीस फूट. विहिरीत पाणी साठ फुटांवर आणि शेताची टाकी त्याच्या वर चाळीस फुटांवर असेल तर शंभर फूट, म्हणजे तीन किलो. मोटर बंद-चालू होताना पाणी धक्का देतं, पाइप लांब असला की दाब वाटेत थोडा खर्ची पडतो, म्हणून चारावर थांबायचं नाही, सहाचा द्यायचा. गिऱ्हाईक म्हणेल, चारचा स्वस्त आहे. त्याला हा हिशोब त्याच्याच चिठ्ठीच्या मागे करून दाखवा. मग पुढं त्याची मर्जी.

आणि ऊन. पाइपावर छापलेला दाब २७ अंश तापमानाला धरलेला असतो. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो, गच्चीवरच्या पाइपाचं तर बोलायलाच नको. तापल्यावर पीव्हीसीची ताकद उतरते. शेतात पाइप गाडून टाका म्हणावं, गच्चीवर असेल तर रंग मारा किंवा झाका. गिझरच्या लाइनला पांढरा यूपीव्हीसी कुणी मागितला तर देऊ नका, सीपीव्हीसीच द्या. तो ९३ अंशांपर्यंत चालतो.

पाचवी पायरी : बाकीची नावं, एका दमात

होज पाइप : ‘होज’ म्हणजे मुळात पायात घालायचं कापड, लांब मोजा. जर्मनमध्ये आजही ‘होझं’ म्हणजे पँट. मोज्यासारखी लोंबती म्हणून नळीला ते नाव. होजिअरी त्याच घरातली, म्हणजे नव्या पेठेतल्या बनियनच्या दुकानाशी आमचं नातं लागतं. कंड्युट, म्हणजे वायरिंगचा पाइप : लॅटिनमध्ये ‘नेणं’ या अर्थाच्या धातूवरून, एसटीचा कंडक्टरही तोच. एल्बो म्हणजे कोपर, नॉझल म्हणजे छोटं नाक. प्लंबर हा ‘प्लंबुम’वरून, म्हणजे शिसं. रोमन लोक पाण्याचे पाइप शिशाचे करत, म्हणून ते काम करणारा प्लंबर. एनआरव्ही म्हणजे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, पाणी उलटं न जाऊ देणारा. युनियन म्हणजे मोडतोड न करता उघडता येणारा जोड. मोटरजवळ तो नसेल तर मोटर काढताना पाइप कापावा लागतो, हे गिऱ्हाइकाला आधीच सांगा.

काही पाइप आपण विकत नाही, पण शब्द कानावर पडतो. ऑफिसवाला "काम पाइपलाइनमध्ये आहे" म्हणतो, तेव्हा काम झालेलं नसतं एवढंच समजायचं. माझा पुतण्या पुण्यात संगणकाचं काम करतो. त्यांच्यातही पाइप आहे : एका प्रोग्रॅममधून निघालेलं दुसऱ्यात सोडायचं, मध्ये एक उभी रेघ. युनिक्स नावाच्या प्रणालीत १९७३ साली ते आलं. ज्यांनी त्याचा आग्रह धरला त्या डग मॅकिलरॉय यांनी १९६४ मध्येच लिहून ठेवलं होतं की, बागेच्या नळीसारखे प्रोग्रॅम एकमेकांना जोडता यायला हवेत. म्हणजे दोन पाइप जोडणारं आमचं कपलर-सॉकेटच. आणि जिला टीव्हीची पिक्चर ट्यूब म्हणायचे तिच्यावरून यूट्यूब. मटणाच्या ताटातली नळी वेगळी, ती वाटीवर आपटून चोखायची, तिचं माप कुणी विचारत नाही.

माल देताना शेवटचं

पाइप मोजून द्या. सहा मीटरचा पाइप लोक "वीस फुटी" म्हणतात, तो चार इंच कमी भरतो. बिलावर मीटरच लिहा, नाहीतर साइटवर भांडण होतं. दोन्ही टोकं बघा, चिरलेलं टोक गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारू नका. उघड्यावर ठेवलेल्या पाइपात कुंभारमाशी मातीचं घर करते. ते तसंच जोडलं तर माती सरळ तोटीत जाऊन बसते. म्हणून टेम्पोत चढवण्याआधी पाइप उभा करून आपटायचा. लहान तुकडा असेल तर तोंड लावून जोरात फुंकायचं. मोकळा असेल तर ‘पूं’ असा आवाज येतो.